टोपी विचारली, हेल्मेट विचारलं नाही

माझ्या मुलाच्या मयतीला आलेल्या जवळपास प्रत्येकानं मला एकच गोष्ट सांगितली. अल्लाहची अमानत होती, अल्लाहनं परत नेली. सांगणारे सगळे जिव्हाळ्याचे होते, म्हणून मी मान डोलावत राहिलो. जियारतीला डोलावली, चाळीसाव्याला डोलावली. आता तीन वर्षं झाली. मान डोलावणं मी बंद केलं आहे. का बंद केलं, ते तुम्हा पोरांना सांगावं म्हणून हे लिहितोय. तुमच्या अब्बांनाही वाचून दाखवा.

मिरजेत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. लिहायची सवय बिलापुरती, आणि शेवटी शेवटी तर बिलंही तोच लिहायचा. माझं शुद्धलेखन बघून त्याला हसू यायचं. ‘अब्बा, क्लचला दोनदा च लिहिलाय तुम्ही.’ त्याचं नाव इथे देत नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत त्या नावाचा एक तरी असेलच.

तो सोळा वर्षांचा होता. मराठी शाळेत दहावीला. पालीला घाबरायचा आणि ते कुणाला कळू द्यायचा नाही. शीरखुर्म्यात पाव बुडवून खायचा, त्यावरून दर ईदला दादीची बोलणी खायचा. शाळेतून आला की दप्तर टायरच्या ढिगावर टाकून आधी पाने मापाप्रमाणे लावायचा. आठ, दहा, बारा, चौदा. एखादा जागेवर नसला तर सापडेपर्यंत चहा घेत नसे. गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात यायच्या आत आवाजावरून सांगायचा, ‘चेन सैल आहे.’ बहुतेक वेळा बरोबर असायचं.

सहा-सात वर्षांचा असताना त्यानं मला विचारलं होतं, ‘इंजिन बंद केल्यावर आतून टिक टिक कोण करतं?’ मी म्हटलं, तापलेलं लोखंड गार होताना आकसतं, त्याचा आवाज. त्याला ते पटलं नाही. गाडी बंद झाली की कान लावून बसायचा. कितीतरी गिऱ्हाइकांनी त्याला तसं बसलेलं पाहिलंय.

बाराव्या वर्षी तो बुलेट स्टँडवरून काढून रस्त्यावर वळवायचा. मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो, ‘पोरगा माझ्यापेक्षा तयार आहे.’ ऐकणारे शाबासकी द्यायचे. चौदाव्या वर्षी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून स्पेअर पार्ट आणायला गाडीवर जाऊ लागला. मीच पाठवायचो. पाच मिनिटं वाचायची.

ती बडी रात होती. मार्च महिना, दहावीची परीक्षा चालू, भूमितीचा पेपर अजून व्हायचा होता. इशानंतर तो म्हणाला, कब्रस्तानात जाऊन दादांसाठी फातिहा पढून येतो, बरोबर दोस्त आहे. मी खिशातून माझ्या गाडीची किल्ली काढून दिली. तो दारापर्यंत गेला तेव्हा मागून हाक मारून विचारलं, ‘टोपी घेतलीस का?’ त्यानं खिसा थोपटून दाखवला. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर तीन हेल्मेट खिळ्याला टांगलेली होती. त्याबद्दल मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी ते कधीच कुणाला विचारलं नव्हतं.

कब्रस्तानात ते गेले. फातिहा पढली, हे त्याच्या दोस्तानं मला नंतर सांगितलं. बाहेर दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, चला, एक चक्कर मारू. सांगली रस्त्याच्या एका वळणावर वाळू सांडलेली होती. पुढचं चाक सरकलं आणि गाडी दुभाजकावर गेली. समोरून ट्रक नव्हता, कुणी कट मारला नव्हता. मागे बसलेल्या दोस्ताचा पाय मोडला, आजही त्याच्या मांडीत सळई आहे. माझ्या मुलाचे हातपाय शाबूत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. डोकं सोडलं तर बाकी अंगावर खरचटण्यापलीकडे काही नाही, म्हणाले. तिसऱ्या दिवशी असरच्या सुमारास तो गेला.

जूनमध्ये निकाल लागला. मी त्याचा बैठक क्रमांक टाकून पाहिला. मराठीत ८१. जे पेपर त्यानं दिलेच नाहीत, त्यांच्यापुढे गैरहजर.

आता मला सांगा, यात अल्लाहची मर्जी नेमकी कुठे शोधायची? किल्ली मी दिली. हेल्मेट खिळ्यावर मी ठेवलं. सोळा वर्षांच्या पोराला गिअरची गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, हे मला माहीत होतं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी धरतात ते पालकाला किंवा गाडीच्या मालकाला. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. हे सगळं मी गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांना गप्पांत सांगायचो. माझ्या घरात हा कायदा लागू आहे असं मला कधी वाटलंच नाही.

माझ्या गुन्ह्याला तकदीर हे नाव दिलं की मी सुटतो. माझ्याबरोबर मोहल्लाही सुटतो. म्हणून ते वाक्य आपल्याला इतकं आवडतं.

मी आलिम नाही, पण लहानपणापासून ऐकलेलं विसरलेलो नाही. हजरत उमर शामला निघाले होते. पुढे ताऊनची साथ आहे हे कळल्यावर त्यांनी काफिला मागे फिरवला. अल्लाहच्या तकदिरीपासून पळता का, असं अबू उबैदांनी विचारलं. त्यावर उमरनी सांगितलं की मी एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडे चाललोय. उंट आधी बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही हदीस तर शाळकरी पोरालाही पाठ असते. किल्ली देताना मात्र ती कुणाला आठवत नाही.

आणखी एक. माझी बीवी रडत होती तेव्हा बायकांनी तिला गप्प केलं. सब्र कर, रडल्यानं मयतीला तकलीफ होते, म्हणाल्या. पैगंबरांचा लहानगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, बघा, इब्राहिमसाठी सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण पैगंबरांनी तिथल्या तिथे सांगितलं की सूर्याला आणि चंद्राला कुणाच्या मरणामुळे ग्रहण लागत नाही. डोळ्यांत पाणी असतानाही त्यांनी खोटं कारण चालू दिलं नाही. आम्ही उलटं केलं. रडू दाबलं आणि खोटं कारण चालवलं.

चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली भाऊ, दादा, भाई असे बावीस फोटो, आणि मधोमध माझा मुलगा. फोटो कुठला? गाडीवर बसलेला, गॉगल लावलेला, डोक्यावर काही नाही. ज्यानं तो मेला तेच आम्ही दहा फूट उंच करून टांगलं. खालून पोरं गाड्या रेस करत जात होती. मी रात्री शिडी लावून तो फ्लेक्स उतरवला. त्यावरून दोन माणसं आजही माझ्याशी बोलत नाहीत.

त्या गाड्यांचे फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर कोण बसवून द्यायचं? मी. एका सायलेन्सरमागे मला बरे पैसे सुटायचे. आरसे काढून द्या, हँडल बदला, नंबरप्लेट वाकवा, पोरं सांगतील ते मी केलं. आता करत नाही. निम्मी पोरगी गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीत गेली. तिथला मेकॅनिकही आपलाच आहे, त्यालाही मुलगा आहे.

तुम्ही म्हणाल, चाचा, पोलिसांना फक्त बडी रातच दिसते. मिरवणुकांत, जयंत्यांत, दहीहंडीला तीन-तीन जण गाडीवर असतात, तिथे कोण अडवतं? आपल्या पोरांचेच व्हिडिओ शिव्या घालून फिरवतात. खरं आहे, मीही पाहिलेत. अशा दुजाभावाविरुद्ध जरूर बोला, मी तुमच्याबरोबर येईन. पण दुभाजक सिमेंटचा असतो, तो नाव विचारत नाही. दुसऱ्याच्या पोराला पावती फाडली नाही, हा माझ्या पोराला डोकं उघडं ठेवायचा परवाना होत नाही. आणि शिव्या घालणाऱ्यांना जवाब द्यायचा म्हणून आपण ‘आपली पोरं काही करत नाहीत’ असं म्हणतो, तेव्हा शिव्या घालणाऱ्याचं काही जात नाही. जातो तो आपलाच पोरगा.

हेल्मेट काय करतं ते एक मेकॅनिक म्हणून सांगतो. वरचं कवच मार एका जागी न ठेवता पसरवतं. आतलं थर्माकोल चेपतं. ते चेपायला जो एक क्षणही नसलेला क्षण लागतो, तेवढ्या वेळात डोक्याचा वेग उतरतो आणि मेंदू कवटीवर कमी जोरानं आपटतो. म्हणून एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. पट्टा लावला नाही तर ते आधी उडतं आणि मग तुम्ही. आयएसआय खुणेशिवायचं रस्त्याकडेचं हेल्मेट म्हणजे प्लास्टिकची वाटी. चांगलं हेल्मेट मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी करतं. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. इतक्या घरांत कुणी ना कुणी जाऊन तकदिरीचं वाक्य म्हणून आलं असेल.

मशिदीच्या कमिटीला मी तीनदा जाऊन भेटलो. माझं मागणं फार नाही. बडी रातच्या आधीच्या जुम्म्याला खुतब्यानंतर दोन मिनिटं सांगा, अठराच्या खालच्या मुलाला कुणी किल्ली देऊ नये. कब्रस्तानात सगळ्यांनी मिळून पायी जाऊ. चपलांना रॅक आहे, तशी हेल्मेटसाठी एक करा. पोरं म्हणतात गाडीवर ठेवलं की चोरीला जातं, तर तोही सवाल मिटेल. रॅक मी माझ्या खर्चानं करून देतो म्हणालो. एक बुजुर्ग म्हणाले, हा दीनचा मामला नाही. मी विचारलं, मग मयत इथेच का आणली होती? ते गप्प बसले. रॅक अजून झालेली नाही.

एक गोष्ट तुमच्याकडे मागतो. त्या रात्री माझा मुलगा रस्त्यावर पडलेला असताना काही जण मोबाइलवर चित्रण करत होते. पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार, असं त्यांना वाटलं असेल. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला २०१९ पासून कायद्यानं संरक्षण आहे. मर्जी नसेल तर नावही सांगावं लागत नाही. तेव्हा फोन खिशात ठेवा आणि रिक्षा थांबवा.

या वर्षी बडी रातला मी कब्रस्तानाच्या फाटकाशी उभा राहिलो. आधी आत जाऊन त्याच्याजवळ बसलो, मग बाहेर आलो. माझ्या मुलाचा दोस्त लंगडत, पायी आला होता. तो माझ्या शेजारी उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक गाडीला आम्ही थांबवत होतो. काहींनी ऐकलं, गाड्या तिथेच लावून चालत घरी गेले. एक पंधरा-सोळाचा पोरगा गाडी बंद करून बसून राहिला. डोक्यावर पांढरी टोपी, इस्त्री केलेली. मी म्हटलं, बेटा, किल्ली दे, सकाळी गॅरेजवर ये आणि अब्बांना घेऊन ये. तो हसला. ‘चाचा, कुछ नहीं होता.’

त्याच्या गाडीचं इंजिन टिक टिक करत गार होत होतं. मी हात पुढे केला तो मागे घेतला नाही.