बारा नंबरच्या खाटेला नाव आहे

‘नर्सिंगच्या मुलींना हल्ली म्हाताऱ्यांची कणव उरलेली नाही,’ ही तक्रार भांडुपमध्ये अनेक घरांतून ऐकू येते. आजी हाका मारीत राहते, मुलगी ‘बारा नंबर ओरडतेय’ म्हणून पुढे जाते. नाहीतर ‘शहाण्या बाळासारखं खा बघू’ असे म्हणून ऐंशी वर्षांच्या बाईला तान्हे मूल करून टाकते. तक्रार खोटी नाही. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात त्या मुलीला एकटीलाच उभे करणे हा अन्याय आहे.

आपण तिला शिकवतो तरी काय? बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात बालकांच्या शुश्रूषेचा विषय स्वतंत्र, प्रसूतीचा स्वतंत्र. वृद्धांची शुश्रूषा मात्र प्रौढांच्या विषयातील एक घटक. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय दहा कोटींहून अधिक होते, तरीही! अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीची वार्धक्याशी गाठ पडते ती थेट वॉर्डात: पाठीला जखमा, लघवीची नळी, भ्रमिष्ट बडबड. म्हातारपण म्हणजे हेच, असा धडा तिने गिरवला तर दोष कोणाचा?

आणि घरी? आजीची खाट कोणत्या कोपऱ्यात ढकलली आहे, तिचे बोलणे मध्येच कोण तोडतो, हे ती लहानपणापासून पाहत आलेली असते. अंगावर गणवेश चढला म्हणून ते शिक्षण पुसले जात नाही.

संत जान ज्युगान हिने १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये एका अंध, अर्धांगाने खिळलेल्या वृद्धेला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला. तिच्या धर्मभगिनी आज अंधेरीतही वृद्धांची सेवा करीत आहेत. या साऱ्या कार्याचा आरंभ एका घरात, एका वृद्धेला आपली मानण्यातून झाला.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. वॉर्डात पाठविण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थिनीला एका हिंडत्याफिरत्या वृद्धाच्या घरी पाठवावे. थर्मामीटर न घेता, केवळ ऐकण्यासाठी. वेळ नाही, असे महाविद्यालये म्हणतील. पण सामाजिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी विद्यार्थिनी वस्त्यांत जातातच. तेथे गरोदर स्त्रिया व बालके यांच्या नोंदी करताना त्याच घरातल्या आजोबांजवळ अर्धा तास बसायला काय हरकत आहे? भांडुपच्या टेकडीवरील चाळींत आयुष्यभर कारखान्यांत राबलेली माणसे आहेत. गिरणीचा भोंगा, संप, कुटुंबाचे पोषण, सारे त्यांच्या तोंडून ऐकलेली मुलगी पुढे खाटेवरच्या माणसाला नंबराने हाक मारताना निदान अडखळेल.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांसाठी राखून ठेवला. त्या दिवशी मिस्सानंतर गुलाबाचे फूल देऊन आपण मोकळे होतो. त्याऐवजी प्रत्येक धर्मग्रामाने विद्यार्थिनींना दार उघडतील अशा घरांची यादी करावी आणि जवळच्या नर्सिंग महाविद्यालयाकडे पाठवावी. एवढीही तयारी नसेल, तर त्या मुलींना नावे ठेवण्याचा अधिकार आपण सोडून द्यावा.