शाळेत कॅन गोळा करा, पण शर्यत लावू नका

पालकहो, शिक्षकहो, शाळा चालवणाऱ्या मंडळींनो,

गेल्या जानेवारीत माझ्या मुलीच्या शाळेत फळ्यावर सूचना लागली: जो वर्ग सगळ्यात जास्त अ‍ॅल्युमिनियमचे कॅन आणेल, त्याला ढाल. हेतू चांगला होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण पुढच्या महिनाभरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून हे पत्रक.

एरवी सणावारी कोल्ड्रिंक पिणारी मुलं रोज दुकानापुढे उभी राहू लागली. बाटली नको, कॅनच हवा. सातवीतली चार पोरं मैदानामागे, जिथे रात्री दारू पिणारे बसतात, तिथले बिअरचे कॅन वेचायला गेली. एकाचा तळवा फाटक्या पत्र्यानं चिरला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. ढाल देऊन झाली, फोटो निघाले. पोती मात्र मागच्या व्हरांड्यात तीन आठवडे पडून राहिली. मुंग्या लागल्या, वास सुटला आणि एके सकाळी ती ओल्या कचऱ्यासकट घंटागाडीत गेली. मुलांनी ते पाहिलं. आपण गोळा केलेल्याचं पुढे काय होतं, हे शाळेनं त्यांना असं शिकवलं.

आणखी एक गोष्ट शाळेच्या ध्यानातही आली नाही. आमच्या गल्लीत कचरा वेचायला येणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, यंदा महिनाभर टिनच घावला न्हाई बघा." त्यांच्या पोत्यात कागद, प्लास्टिक, काच, पत्रा सगळं असतं, पण वजनाला सर्वांत चांगला भाव अ‍ॅल्युमिनियमच्या या कॅनलाच मिळतो. आपल्याकडे कॅन उकिरड्यावर राहत नाही तो या बायकांमुळे. शाळेनं शर्यत लावली, तेव्हा त्यांच्या ताटातला घास उचलला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. मला याची चीड येते आणि ती लपवायचं कारण मला दिसत नाही.

मुलांनी कॅन जपून ठेवू नयेत, असं मी म्हणत नाही. उलट, ते का जपायचे हे त्यांना नीट कळलं पाहिजे, असा माझा आग्रह आहे. आणि कोल्हापूरच्या मुलांना ते कळायला लांब जायला नको. अ‍ॅल्युमिनियम ज्यापासून होतं त्या बॉक्साइटचे सडे राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला आहेत, शाहूवाडी आणि चंदगडकडेही आहेत. श्रावण-भाद्रपदात एकदा मुलांना सड्यावर न्या. काळ्या-तांबड्या कातळावर वीतभरही माती नसते, पण तेवढ्यात गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात. खाण सुरू झाली की आधी हाच थर खरवडला जातो. एक टन धातूसाठी असं चार ते पाच टन बॉक्साइट खणावं लागतं. त्याची आधी पांढरी भुकटी करायची आणि मग त्या भुकटीतून वीज सोडून धातू सुटा करायचा. ही रीत १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या विशीतल्या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता शोधून काढली. आजही किलोमागे सुमारे १४ युनिट वीज त्यात जाते.

जुना कॅन वितळवून तोच धातू पुन्हा मिळवायला यातली जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. एक कॅन साधारण १४ ग्रॅमचा. म्हणजे एका कॅनमागे वाचणाऱ्या विजेवर ९ वॅटचा दिवा सुमारे वीस तास जळेल. हे गणित सहावीतलं मूल फळ्यावर करू शकतं. आणि हा धातू पुन्हा पुन्हा वितळवला तरी त्याचा कस उतरत नाही. कागदाचा धागा दर खेपेला आखूड होतो, तसं याचं होत नाही.

आमच्या गल्लीत आम्ही हे वेगळ्या रीतीनं करून पाहिलं. मुलांनी फक्त घरातले कॅन आणायचे, रस्त्यावरचा एकही नाही. आत पाणी घालून खळखळून धुवायचे, पालथे घालून निथळू द्यायचे. शनिवारी सकाळी मावशी येतात. त्यांच्याकडे सुतळीला बांधलेलं एक लोहचुंबक आहे. ते डब्याला लावायचं: चिकटला तर लोखंडी पत्रा, भाव कमी, सुटून पडला तर अ‍ॅल्युमिनियम. पहिल्या शनिवारी पोरांनी ते चुंबक हातातून सोडलंच नाही. खिडकीची जाळी, सायकलचं मडगार्ड, डब्याचं झाकण, सगळं तपासून झालं. मावशींनी तराजू धरला आणि एक किलो भरायला किती कॅन लागतील ते विचारलं. कुणी वीस म्हणालं, कुणी तीस. सत्तरच्या आसपास लागतात. पोरं गप्प झाली.

शिक्षक म्हणतील, ढाल नसेल तर मुलं आणणार नाहीत. आमच्याकडे ढाल नव्हती. माल कमी आला, हे खरं. पण कमी येणं हेच तर चांगलं: घरात कोल्ड्रिंक कमी आलं, म्हणून कॅन कमी आले.

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणं हे काम आहे आणि ते करणारी बाई कामगार आहे, हे त्या संघटनेनं शहराला मान्य करायला लावलं. इतक्या वर्षांनी आपल्या शाळांनी तिला फाटकाबाहेर उभं करू नये. कॅन तिच्या हाती द्या, वजन तिला करू द्या आणि आलेले पैसे तिचेच राहू द्या. शाळेच्या निधीत ते घेऊ नका. मुलांपुढे तिला तासभर बोलू द्या. धातू ओळखण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नाही.

येत्या पालकसभेत हे पत्रक सोबत आणा आणि दोन प्रश्न विचारा: गेल्या वर्षी गोळा केलेले कॅन कुठे गेले? आणि यंदा ते कोण नेणार?

आपली,
एक पालक, कोल्हापूर