भरतीच्या वेळी रोहितांनी जायचे कुठे?

नेरूळच्या डीपीएस तलावाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तलाव जेमतेम बारा हेक्टरांचा. शेजारच्या ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेही सुमारे 1,690 हेक्टरांचे आणि 2022 पासून पाणथळींच्या रामसर यादीतले. एवढे मोठे घर हाताशी असताना रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, हे डबके कशाला? बुजवले तर पलीकडे जातील, पंख आहेतच! असे बोलणारा माणूस पक्ष्यांचा वैरी असतोच असे नाही. तो हिशेब हेक्टरांत मांडतो, आणि हेक्टरांत मांडला तर हिशेब बिनतोड दिसतो.

खाडीचे घड्याळ मात्र वेगळे आहे. ओहोटीला पाणी मागे हटते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि लहान रोहित माना खाली घालून, चोच उलटी धरून त्यातली सूक्ष्म शेवाळे गाळून खातात. काही तासांनी भरती येते आणि तेच ताट पाण्याखाली जाते. थोरला रोहित उंच पायांवर थोडा अधिक वेळ तग धरतो, लहान्याला ते जमत नाही. उधाणाला तर दोघांचीही गत सारखीच. तेव्हा थवे उठतात आणि नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळी गाठतात: डीपीएस, एनआरआय, टी. एस. चाणक्य. तिथे विसावा, पिसांची निगा, मिळाले तर चार घास, आणि पाणी उतरले की पुन्हा खाडी. रोज दोनदा हे घडते. म्हणजे ‘पलीकडे’ पाणी चढलेले असते म्हणूनच पक्षी इकडे आलेले असतात. त्यांना पुन्हा पलीकडे धाडणारा सल्ला भरतीचे वेळापत्रक न पाहता दिलेला आहे. अधिवास मोजताना जागेइतकीच वेळही मोजावी लागते.

तलाव बुजवायला मातीचे ट्रकही लागत नाहीत. भरतीचे पाणी आत येण्याची तोंडे अडली की पुरे. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावाची तोंडे बुजली, पाणी आटत गेले आणि त्याच सुमारास परिसरात मेलेले रोहित सापडले.

तलावामुळे डास वाढतात, हा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. रोज येजा करणाऱ्या खाऱ्या पाण्यात मासे येतात आणि डासांच्या अळ्या खातात. डास वाढतात ते कोंडलेल्या पाण्यात. तोंडे बुजवायची आणि मग डासांची तक्रार करायची, हे जरा जास्तच झाले.

‘सांडपाण्यामुळेच तर रोहित आले’ या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसते आणि शेवाळावर रोहित. पण यातून सांडपाणी हितकर ठरत नाही. तेच शेवाळ बेसुमार माजले की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि सांडपाण्याबरोबर कारखान्यांचे काय काय येते ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

उरला विमानतळ. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणारे विमान रोहितांच्या थव्यावर आदळले आणि तीसहून अधिक पक्षी मेले. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला, तेव्हा पाणथळीच नकोत, असे काही म्हणतात. पण विसाव्याची ठरलेली जागा गेली, तरी भरती यायची थांबत नाही. थवा उठणारच, फक्त उतरणार कुठे आणि कोणत्या वाटेने, याचा अंदाज राहणार नाही. वैमानिकाला यात कोणता दिलासा?

आणि गंमत अशी, की हे शहर स्वतःच भरती-ओहोटीच्या तंत्रावर उभे आहे. ते वसवणाऱ्या सिडकोने सखल भागात धारण तलाव खोदले. भरतीला त्यांची झापे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत उतरते. काही तास पाण्याला जागा हवी, ती मोकळी ठेवली नाही तर वाशी बुडेल, हे नगररचनाकारांना कळले. पक्ष्यांची मागणीही काही तासांच्या जागेचीच आहे.

एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. चांगले झाले. आता तोंडांची पाहणी कोणी करायची, किती दिवसांनी करायची आणि गाळ साचला तर उपसण्याचा खर्च कोणाच्या खाती टाकायचा, हे त्याच कागदावर आले पाहिजे.