आवक, जावक आणि प्लेटलेट

रक्ततपासणीच्या अहवालात प्लेटलेटचा आकडा खाली आलेला दिसला, की घरात धावपळ सुरू होते. डेंग्यूची शंका येते, पपईच्या पानांचा रस शोधला जातो, रक्तपेढीकडे विचारणा होते. परंतु गोदामात माल कमी दिसला, तर आवक घटली की जावक वाढली, हे जाणता व्यापारी प्रथम पाहतो. येथेही तेच करावयाचे असते.

निरोगी व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. ‘इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया’ म्हणजेच आयटीपी या विकारात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परके मानते आणि त्या मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात. अनेकदा त्यांची निर्मितीही पुरेशी होत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे रक्त स्वतःला चढवून घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या. दोष रुग्णाच्या रक्तद्रवात आहे, हे त्यातून दिसून आले. म्हणूनच बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही या विकारात फार टिकत नाहीत. त्या प्रामुख्याने गंभीर रक्तस्रावासाठी राखून ठेवतात.

आयटीपी निश्चित सांगणारी एकच चाचणी नाही. नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्यास यंत्र खोटा आकडा दाखवते. म्हणून काचपट्टीवरील तपासणी आवश्यक ठरते. त्यानंतर अन्य कारणे वगळली जातात.

उपचार केवळ आकड्यावर ठरत नाहीत. रक्तस्राव नसलेल्या प्रौढाची संख्या ३० हजारांहून अधिक असेल, तर बहुधा देखरेख पुरते. मुलांमधील विकार बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप बरा होतो; प्रौढांत तो वर्षानुवर्षे राहू शकतो. प्रथम स्टिरॉइड दिले जाते. ते उपवासाच्या दिवसांतही परस्पर बंद करू नये, डॉक्टरांशी आधीच बोलावे. एल्ट्रोम्बोपॅगची गोळी दूध-दह्याच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावी. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तारीख, संख्या, औषधाची मात्रा आणि अंगावरील लाल ठिपके किंवा डाग यांची नोंद एका वहीत ठेवावी. तीव्र डोकेदुखी, काळे शौच, न थांबणारा घोळणा किंवा तोंडात रक्ताचे फोड दिसल्यास मात्र पुढील अहवालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.