ओसरीवरून : सात बहिणींची गोष्ट नाटकात आणताना

भात झोडून झाले, पेंढ्याची उडवी रचली, की गावोगावच्या तरुण मंडळींना नाटकाचे वेध लागतात. छापील नाटक बसवणे त्या मानाने सोपे. तोंडोतोंडी चालत आलेल्या गोष्टीचे नाटक करणे मात्र जोखमीचे. ते कसे, हे गोव्याच्या एका गोष्टीवरून पाहा.

डिचोली तालुक्यात शिरगावला लईराईचे देऊळ आहे. वैशाखातल्या जत्रेत तिचे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. तिकडे म्हापशाच्या जुन्या चर्चमध्ये मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी येते. लोक सांगतात, लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई अशा सात बहिणी होत्या आणि खेतोबा त्यांचा भाऊ. त्यांतली मिराबाई म्हापशाला गेली, तीच ही मिलाग्रिस सायबीण. म्हणून फेस्ताला हिंदूही सायबिणीला तेल वाहतात. शिरगावहून बहिणीचे तेल येते आणि जत्रेला म्हापशाहून मोगरा जातो, असेही सांगतात.

पोर्तुगिजांच्या राज्यात कितीतरी घराण्यांचा धर्म बदलला. त्या घरांतल्या बायाबापड्यांनी ही गोष्ट जपली. एक बहीण दुसऱ्या घरी गेली, पण तिचे माहेर तुटले नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. गोष्टीचा जीव या नात्यात आहे.

नाटक लिहिणाऱ्याचा हात नेमका इथेच घसरतो. त्याला शेवट हवा असतो. मग तो कोणती बहीण थोर ते ठरवतो, किंवा कोणी कोणाला फसवले ते शोधतो. टाळ्या मिळतात, पण निम्म्या गावाची गोष्ट हिरावली जाते. सांगितलेली गोष्ट दर घरी थोडी बदलते. रंगमंचावर आली की तेवढीच खरी ठरते. म्हणून आधी एकाच म्हाताऱ्याकडून नव्हे, चार घरांतून ऐका. बहिणींची नावे जुळणार नाहीत. जुळवू नका. नाटकात दोन सांगणाऱ्या बाया ठेवा, एक देवळाकडची, एक चर्चकडची. त्यांना आपसात वाद घालू द्या. प्रेक्षक हसतील आणि दोन्ही बाजू ऐकतील.

याला साजेसे साचे गोव्यातच आहेत. शिवोलीचा जागर नाताळानंतर होतो आणि त्यात हिंदू व ख्रिस्ती दोघेही असतात. तियात्र तर मुंबईत जन्मले. 'इटालियन भुरगो' हा पहिला खेळ १७ एप्रिल १८९२ रोजी झाला. तियात्रात दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे गाणी होतात. त्यांचा मूळ कथेशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. एका घरची हकिकत प्रवेशात घालावी आणि दुसऱ्या घरची गाण्यात, अशी सोय तिथे आयतीच आहे.

भाषाही जपा. लईराईने रागाच्या भरात भावाला लाथ मारली आणि पश्चात्तापाने निखाऱ्यांवरून चालण्याचे व्रत घेतले, असे सांगतात. हा प्रसंग आजी ज्या बोलीत सांगते त्याच बोलीत लिहा. पुस्तकी भाषेत घातलात तर देवी भाषण करते आहे असे वाटेल. भावाला लागले म्हणून कळवळणारी बहीण दिसणार नाही.

तुम्ही म्हणाल, गोव्याची गोष्ट आम्हांला कशाला? अहो, आपल्याकडेही शेजारच्या दोन गावांच्या देवी बहिणी असतात. पिराच्या उरुसाला हिंदू घरचा नारळ जातो. त्यामागे काही ना काही गोष्ट असतेच. तिचे नाटक केलेत तर पहिला खेळ तिकिटाचा करू नका. दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांना पुढे बसवा. कोणी उठून म्हणाले, "आमच्याकडे असे सांगत नाहीत," तर रागावू नका. वही काढा आणि त्यांच्याकडे कसे सांगतात ते लिहून घ्या.