शिक्षण अर्ध्यावर, पोटगी बंद

सहाव्या वर्षी पहिलीत बसलेले मूल बारावीची परीक्षा देते, तेव्हा ते साधारण अठरा वर्षांचे झालेले असते. महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृहाची अनामत, खानावळीचे पैसे हे सारे खर्च याच उन्हाळ्यात घराच्या दाराशी येऊन उभे राहतात. आणि विभक्त झालेल्या आईवडिलांच्या मुलाची पोटगी नेमकी याच सुमारास थांबते. बापाचा कायदेशीर हिशेब पूर्ण झालेला असतो. आईचा तिथून सुरू होतो.

यात न्यायाधीशांचा दोष नाही. कायद्याचे शब्दच तसे आहेत. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम २० नुसार अपत्याला आईवडिलांकडून निर्वाहखर्च मागता येतो तो अज्ञान असेपर्यंत. अविवाहित मुलीला, ती स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असेल तर, हा हक्क पुढेही मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा खटल्यात तो स्पष्ट शब्दांत मान्य केला. मुलाला मात्र अठरा पूर्ण होताच काही नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या सुप्रसिद्ध कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. पण सज्ञान अपत्यासाठी शारीरिक वा मानसिक व्यंगाची अट जशीच्या तशी राहिली. धडधाकट असणे हाच जणू विद्यार्थ्याचा अपराध!

अठरा ही रेषा आली कोठून? १८७५ च्या सज्ञानता कायद्यातून. करार करणे, मालमत्ता विकणे, दावा लावणे यांसाठी एक निश्चित वय लागते, ते त्या कायद्याने दिले. आपल्या शास्त्रकारांनीही व्यवहाराला पात्र होण्याचे वय सांगितले होते, आणि ते तर सोळाच होते. परंतु विद्यार्थिदशेची समाप्ती त्यांनी वयावर टांगली नाही. ती समावर्तनाने होत असे, म्हणजे विद्या पूर्ण झाल्यावर. सही करण्याची पात्रता वेगळी आणि पोट भरण्याची क्षमता वेगळी, हा साधा विवेक त्या व्यवस्थेत होता. आजच्या कायद्याने दोन्ही एकाच तारखेला बांधून टाकल्या आहेत.

दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ही गाठ थोडी सैल केली. मुलगा सज्ञान झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा सगळा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने तो पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत आईला दरमहा १५,००० रुपये देण्याचा अंतरिम आदेश वडिलांना दिला. निर्णय स्तुत्यच आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत असलेल्या आया किती? सवलतींचा हिशेबही पाहा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मागास व आर्थिक दुर्बल घटकांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. राहण्याजेवणाचा खर्च तरीही उरतोच, आणि तिच्या भावाला तर तेवढाही आधार नाही.

कायदा बदलता येत नाही, असेही नाही. कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपयांहून अधिक पोटगी देता येत नसे. महागाईपुढे ती रक्कम हास्यास्पद ठरली, तेव्हा २००१ साली संसदेने ती मर्यादा काढून टाकली. रुपयाची मर्यादा कालबाह्य होते, तर वयाची का होऊ नये?

वडिलांची बाजूही ऐकली पाहिजे. मुलगा वर्षानुवर्षे नापास होत राहिला, अभ्यासक्रम बदलत राहिला, तर पैसे किती काळ द्यायचे? पैसे खरोखर शिक्षणावरच खर्च होतात याची खात्री काय? शंका रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे अवघड नाहीत. पहिली पदवी किंवा आयटीआयसारखा पहिला व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंतच दायित्व. काहीही झाले तरी वयाच्या तेविसाव्या वर्षी ते संपावे. शुल्क थेट संस्थेकडे आणि निर्वाहाची रक्कम मुलाच्या खात्यात. दरवर्षी प्रवेशाचा दाखला न्यायालयात. आई कमावती असेल तर तिचाही वाटा असावा. १९५६ च्या कायद्याने ही जबाबदारी दोघांवर टाकलीच आहे. ब्रिटनमध्ये मूल शालेय स्तराच्या पूर्णवेळ शिक्षणात असेल तर ही देणी विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकतात. म्हणजे वयाबरोबर शिक्षणाकडेही पाहणारा कायदा अन्यत्र आहे.

एका विसंगतीकडे मात्र आमच्या कायदेमंडळाने डोळे उघडून पाहावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार साठी ओलांडलेला, स्वतःचा निर्वाह करू न शकणारा बाप आपल्या सज्ञान मुलाकडून निर्वाहखर्च मागू शकतो. मागावाच, पितृऋण आम्ही मानतो. परंतु ज्या मुलाला अठराव्या वर्षी ‘तू आता मोठा झालास’ असे सांगून मोकळे केले, त्याच्याच दाराशी हक्काचा कागद घेऊन जाताना त्या बापाला काय वाटावे? मुलाचे कर्तव्य बापाच्या अखेरच्या श्वासापर्यंत आणि बापाचे मात्र एका वाढदिवसापर्यंत?

ही सुधारणा कलम १४४ मध्येच व्हावी, असे आमचे म्हणणे आहे. ते कलम सर्व नागरिकांना सारखे लागू आहे. १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता; इतरांच्या व्यक्तिगत कायद्यांत उत्तरे निराळी. महाविद्यालयाचे शुल्क भरताना कोणी धर्म विचारत नाही, मग ते मागण्याच्या हक्कातच भेद कशाला?

संसद हे करील तेव्हा करील. तोवर कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्यांच्या वकिलांनी एक काम आजच करावे. अटींच्या मसुद्यात ‘मूल सज्ञान होईपर्यंत’ हे ठरावीक शब्द न घालता ‘पहिली पदवी वा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत’ असे लिहावे. सही करताना मूल चार वर्षांचे असते, आणि चौदा वर्षांनंतरची फी त्या टेबलावर कोणालाच दिसत नाही.