सुटी कोणाची, संप कोणाचा?



मार्च जवळ आला की कार्यालयात फोन सुरू होतात. महिला दिनासाठी वक्त्या हव्या असतात, ‘पण विषय जरा हलका ठेवा ताई, नंतर पाककलेच्या स्पर्धेची बक्षिसं आहेत.’ १९८० च्या ८ मार्चला याच देशातल्या बायका मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. दिवस असा हलका कसा होत जातो, हे समजून घ्यायला मला रशियाचे उदाहरण बोलके वाटते. ही तारीख मुळात तिथली, आणि तिथे ती राष्ट्रीय सुटी आहे.

१९१७ साल. महायुद्ध लांबलेले, पुरुष आघाडीवर. पेट्रोग्राडच्या बायकांनी गिरणीत राबायचे आणि सुटल्यावर पावासाठी थंडीत रांगा लावायच्या. ८ मार्चला, म्हणजे त्यांच्या जुन्या कॅलेंडरच्या २३ फेब्रुवारीला, व्हायबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांतल्या कामगार बायकांनी काम बंद केले. एवढ्यात संप नको, असे बोल्शेविकांच्या स्थानिक पुढाऱ्यांनी बजावले होते. बायकांनी ते मानले नाही. (शिबिरांत हा भाग सांगताना मला भारी मजा येते.) शेजारच्या लोखंडी कारखान्यांपुढे जाऊन त्यांनी पुरुषांनाही बाहेर काढले. आठवड्यात झारने गादी सोडली. त्याच वर्षी बायकांना मताधिकार मिळाला, पण त्यासाठीही वेगळा मोर्चा काढावा लागला.

१९२१ मध्ये मॉस्कोच्या कम्युनिस्ट स्त्री-परिषदेने या संपाच्या आठवणीत ८ मार्च ही तारीख पक्की केली. पुढे १९३० मध्ये पक्षाचा स्त्री-विभाग बंद झाला. १९३६ मध्ये गर्भपातावर बंदी आली, ती १९५५ पर्यंत टिकली. दिवस मात्र साजरा होतच राहिला! १९६५ मध्ये, महायुद्धातील विजयाला वीस वर्षे झाली तेव्हा, सरकारने तो सुटीचा जाहीर केला.

सुटीबरोबर रीती रुजल्या. पुरुषांनी आई, बायको, शिक्षिका, सहकारी अशा सगळ्यांना फुले द्यायची. ट्यूलिप, नाहीतर बाभळीच्या कुळातला पिवळ्या गोंड्यांचा मिमोझा. फुले विषम संख्येत हवीत, सम संख्या मयताला. मुले शाळेत आईसाठी शुभेच्छापत्र करतात. त्या दिवशी नवरा स्वयंपाक करतो, आणि उरलेल्या वर्षाबद्दल कोणी विचारत नाही.

आणखी एक गंमत बघा. २३ फेब्रुवारी हा आज तिथे ‘पितृभूमी-रक्षक दिन’ आहे. मूळचा लाल सैन्याचा हा दिवस आता पुरुषांचाच मानला जातो. गिरणीतल्या बायकांची जुन्या कॅलेंडरची तारीख पुरुषांकडे गेली, आणि नव्या तारखेला बायकांना फुले मिळाली.

२०१७ मध्ये, त्या संपाच्या शताब्दीला महिना उरला असताना, रशियात कायदा बदलला. घरात पहिल्यांदा केलेली मारहाण, गंभीर इजा झाली नसेल तर, फौजदारी गुन्हा राहिली नाही. बहुतेकदा दंड भरला की सुटका. मारहाण झालेल्या बायका आमच्या सल्ला केंद्रात क्वचितच पहिल्या थपडेनंतर येतात. त्यामुळे ‘पहिल्यांदा’ या शब्दाची मला भीती वाटते.

युक्रेनवर हल्ला झाल्यावर, २०२२ च्या ८ मार्चला, युद्धविरोधी स्त्रीवादी गटाच्या हाकेवरून अनेक शहरांतल्या बायकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकांपाशी फुले नेऊन ठेवली. डिसेंबरमध्ये सरकारने त्या गटाला ‘परकीय हस्तक’ ठरवले.